वाटेतील तूट

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात ट्रक भरताना मालाचे वजन होते आणि मुक्कामी उतरवताना ते पुन्हा होते. दोन्ही आकडे जुळले की बिल्टी फाइलला लागते. न जुळल्यास तीनच शक्यता संभवतात. पाठवणाऱ्याचा काटा चुकला असेल, घेणाऱ्याचा काटा चुकला असेल, किंवा माल वाटेत कमी झाला असेल. अनुभवी आडत्या पहिल्या दोन शक्यता आधी निकालात काढतो. चालकावर संशय घेणे हे त्यानंतरचे. पदार्थविज्ञानात गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ असाच एका तुटीचा हिशेब चालला आहे. तेथील माल म्हणजे न्यूट्रिनो नावाचा कण. तो मोजण्यासाठी अमेरिका, जपान आणि युरोप येथे उभारलेल्या न्यूट्रिनो-झोताच्या यंत्रणा म्हणजे दोन्ही टोकांना काटा बसवलेल्या पेढ्याच होत.

हा कण दुर्मीळ नाही. उलट इतका विपुल दुसरा माल नाही. सूर्याच्या गाभ्यात निर्माण झालेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो बोटाच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार जातात. रात्रीही जातात, कारण मध्ये आलेली पृथ्वी त्यांना जाणवत नाही. विद्युतभार नाही, वस्तुमान नगण्य. लोखंड, खडक, मानवी देह यांपैकी कशाशीही त्यांचा सहसा संबंध येत नाही. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली. तो प्रत्यक्ष सापडला १९५६ मध्ये, अमेरिकेतील एका अणुभट्टीच्या शेजारी.

तुटीची कथा सुरू होते ती एका सोन्याच्या खाणीत. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात एक प्रचंड टाकी बसवली आणि तीत जवळजवळ पावणेचार लाख लिटर परक्लोरोएथिलीन भरले. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात तेच द्रव्य. सूर्याकडून आलेला एखादा न्यूट्रिनो त्यातील क्लोरीनच्या अणूला धडकला तर त्या अणूचा आर्गॉन होतो. सरासरीने दोन दिवसांत एक अणू. सहाशे टन द्रवातून असे मोजके अणू काही आठवड्यांनी वेचून काढायचे आणि मोजायचे, हे त्या प्रयोगाचे काम. सूर्याने किती माल धाडला असावा, याचा अंदाज जॉन बाहकॉल यांनी गणिताने काढला होता. डेव्हिस यांच्या काट्यावर त्याच्या साधारण एक तृतीयांशच माल येत होता.

पहिला निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून तीन दशके विद्वानांची सभा दोन तटांत विभागली. कोणी म्हणे, एवढ्या द्रवातून चार-दोन अणू वेचताना डेव्हिस यांच्या हातून काही निसटत असणार. कोणी म्हणे, सूर्याच्या गाभ्याचे तापमान बाहकॉल यांना नीट ठाऊक नाही. दोघांनीही आपापली वही पुनःपुन्हा तपासली. डेव्हिस यांनी टाकीत आर्गॉनची ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळून ती पूर्ण परत मिळते की नाही, हेही पाहिले. ती मिळत होती. बाहकॉल यांचे गणित नव्या माहितीने अधिक नेमके झाले, पण आकडा फारसा हलला नाही. या प्रकरणातील खरी उंची येथे आहे. सर्वमान्य अपेक्षेच्या जवळ जाण्यासाठी आपला आकडा थोडा वर सरकवण्याचा मोह एका बाजूला, आणि तूट आहे तशी लिहून ठेवण्याचा हट्ट दुसऱ्या बाजूला. डेव्हिस यांनी पंचवीस वर्षे तीच तूट लिहिली. २००२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.

दोन्ही काटे बरोबर होते. माल वाटेत हरवलाही नव्हता; त्याने वाण बदलला होता. न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाउ. डेव्हिस यांची टाकी केवळ पहिला प्रकार ओळखत होती. सूर्यापासून निघताना सारेच पहिल्या प्रकारचे होते, परंतु पृथ्वीवर पोचेपर्यंत त्यांतील बहुतेकांनी रूप पालटले होते. जपानच्या सुपर-कामिओकांडे या ५०,००० टन पाण्याच्या शोधयंत्राने १९९८ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या बाबतीत हा पालट दाखवला. पुढे २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरीच्या निकेलच्या खाणीत, १,००० टन जड पाण्याच्या साह्याने, सूर्याच्या तिन्ही प्रकारच्या न्यूट्रिनोंची एकत्र बेरीज झाली आणि ती बाहकॉल यांच्या आकड्याशी जुळली. या दोन शोधांसाठी ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅकडॉनल्ड यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

वाण बदलतो तो कसा, हे समजण्यास तंबोरा उपयोगी पडतो. दोन तारा किंचित विसंवादी असल्या की त्यांचा एकत्रित नाद संथ लयीत फुलतो आणि ओसरतो. एक न्यूट्रिनो म्हणजे किंचित वेगळ्या वस्तुमानाच्या तीन तारांचे एकत्र वाजणे. निघताना त्या तारा अशा जुळलेल्या असतात की एकूण नाद ‘म्यूऑन’ असा ऐकू येतो. काहीशे किलोमीटर गेल्यावर तारा एकमेकींच्या मागेपुढे होतात आणि तोच नाद ‘टाउ’ किंवा क्वचित ‘इलेक्ट्रॉन’ असा भासू लागतो. आणखी पुढे तो मूळ पदावर येतो. यालाच न्यूट्रिनोचे दोलन म्हणतात. तिन्ही तारांचे वस्तुमान शून्य असते तर त्या कधीच मागेपुढे झाल्या नसत्या. म्हणजे तुटीनेच सिद्ध केले की न्यूट्रिनोला वस्तुमान आहे.

सूर्याचा माल मोजण्यात मात्र एक अडचण राहते. जावक आपल्या हाती नसते. केव्हा, किती आणि कोणत्या प्रकारचा माल निघाला, हे गणितावरून मानावे लागते. म्हणून स्वतःच माल तयार करून, स्वतःच्या काट्यावर तोलून धाडण्याची कल्पना पुढे आली. प्रवेगकातून न्यूट्रिनोचा झोत मिळवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९६२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे झाला. आज या कामातील मोठी पेढी म्हणजे शिकागोजवळची फर्मीलॅब. तेथील ‘नूमी’ हा झोत २००५ पासून चालू आहे.

झोत चालवणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासारखे आहे. तीन किलोमीटरहून अधिक परिघाच्या वर्तुळात प्रोटॉन फिरवून त्यांना जवळजवळ प्रकाशाचा वेग देतात. दर सेकंद-सव्वा सेकंदाने सुमारे पन्नास लाख कोटी प्रोटॉनांचा एक ठोका एका मीटरभर लांबीच्या ग्राफाइटच्या कांडीवर सोडला जातो. ठोका टिकतो सेकंदाचा एक लाखावा भाग. त्या आघातातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण उडतात. ते चहूकडे पसरू नयेत म्हणून पुढे कर्ण्याच्या आकाराचे दोन विद्युतचुंबक असतात. त्यांतून प्रत्येक ठोक्याला सुमारे दोन लाख अँपिअर प्रवाह जातो आणि पायॉन एका दिशेत एकवटतात. मग ६७५ मीटर लांबीची नळी. तीत धावता धावता पायॉनचे विघटन होऊन म्यूऑन न्यूट्रिनो जन्मतात. नळीच्या टोकाशी लोखंड, ॲल्युमिनियम आणि काँक्रीटची भिंत, तिच्यापुढे २४० मीटर खडक. बाकी सारे तेथे अडते आणि केवळ न्यूट्रिनो पलीकडे जातात. हा सारा झोत जमिनीत तीन अंशांहून थोडा अधिक खाली कललेला असतो, कारण पृथ्वी गोल आहे आणि ग्राहक दूर आहे.

नियंत्रण कक्षात चोवीस तास पाळ्या असतात. न्यूट्रिनोला वळवता येत नाही, थोपवता येत नाही. जे काही नियमन करायचे ते प्रोटॉनच्या टप्प्यावर. म्हणून प्रोटॉनांचा ठोका कांडीच्या मध्यावर मिलिमीटरच्या हिशेबात पडला पाहिजे. तो सरकला, कर्ण्याच्या थंड पाण्याचा दाब उतरला किंवा एखादे तापमान मर्यादेबाहेर गेले, तर पुढचा ठोका आपोआप रोखला जातो. कांडीवर आजवर किती प्रोटॉन पडले, हीच या पेढीची रोजकीर्द. कांड्या झिजतात, कर्णे बदलावे लागतात, आणि तेही दूरनियंत्रित क्रेनने, कारण त्या दालनात किरणोत्सर्गामुळे माणूस उभा राहू शकत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी झोत काही महिने बंद असतो. नूमीची शक्ती २०१७ मध्ये ७०० किलोवॅटला पोचली आणि २०२४ मध्ये तिने एक मेगावॅटचा टप्पा ओलांडला. कर्ण्यातील प्रवाहाची दिशा उलटी केली की न्यूट्रिनोऐवजी प्रतिन्यूट्रिनो मिळतात. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का उरले नाही, या प्रश्नाचा एक धागा या दोघांच्या वर्तनातील फरकात सापडेल अशी आशा आहे. म्हणून दोन्हींचा माल धाडावा लागतो.

पहिला काटा कांडीपासून एक किलोमीटरवर, जमिनीखाली. दुसरा मिनेसोटा राज्यातील ॲश रिव्हर येथे, ८१० किलोमीटरवर. या प्रयोगाचे नाव ‘नोव्हा’. आपल्या मापाने सांगायचे तर संभाजीनगरहून सरळ रेषेत जयपूर ओलांडून थोडे पुढे. ना बोगदा, ना तार. न्यूट्रिनो खडकातूनच जातात, मध्यावर बारा किलोमीटर खोल उतरतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तिपटीहून कमी वेळात पोचतात. जपानमधील तोकाई ते कामिओका हा मार्ग २९५ किलोमीटरचा, म्हणजे संभाजीनगर ते मुंबईचा किनारा यापेक्षा किंचित जास्त. मार्च २०११ च्या भूकंपाने तेथील झोत बंद पडला होता. वर्ष उलटण्याच्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला.

एवढ्या खटाटोपातून मिळते किती? ॲश रिव्हरचे शोधयंत्र १४,००० टनांचे आहे. ते उघड्यावर असल्याने त्यातून सेकंदाला लाखाहून अधिक वैश्विक किरण जातात. त्या गर्दीत झोताचा माल ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वेळ. ठोका निघाल्याची वेळ उपग्रहाच्या घड्याळाने नोंदलेली असते आणि तेवढाच क्षण तपासायचा असतो. २०१४ पासून २०२० पर्यंतच्या नोंदींत २११ म्यूऑन न्यूट्रिनो आणि ८२ इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोसदृश घटना भरल्या. पालट झालाच नसता तर म्यूऑन प्रकाराचे हजाराहून अधिक मिळायला हवे होते. सहा वर्षांत एवढीच आवक. कोणत्याही दुकानाला हा धंदा परवडणार नाही. पण येथे किंमत मालाला नाही, दोन पावत्यांतील फरकाला आहे.

आकडे इतके थोडे असले की मोजणाऱ्याची इच्छा त्यांत मिसळण्याचा धोका वाढतो. म्हणून या संशोधनात एक शिस्त पाळली जाते. दूरच्या शोधयंत्रातील निर्णायक नोंदी बंद ठेवायच्या. कोणती घटना धरायची, कोणती वगळायची, त्रुटी किती मानायची, हे सारे नियम आधी ठरवून लिहून काढायचे, सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायचे आणि मगच पेटी उघडायची. उघडल्यावर जे निघेल ते प्रसिद्ध करायचे. नियम नंतर बदलता येत नाहीत. ताळेबंदाचा आकडा आधी ठरवून मागाहून नोंदी जुळवण्याची जी रीत काही पेढ्यांत आढळते, तिच्या अगदी उलट असा हा व्यवहार आहे.

तरीही चूक होते. युरोपातील सर्न संस्थेकडून इटलीच्या ग्रान सास्सो पर्वताखालील प्रयोगशाळेकडे ७३० किलोमीटरचा असाच झोत धाडला जात असे. तेथील ‘ऑपेरा’ प्रयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोचतात. सारे जग थक्क झाले. पुढच्या काही महिन्यांत कारण सापडले: घड्याळाकडे जाणाऱ्या प्रकाशतंतूच्या तारेची जोडणी सैल होती. संशोधकांनी दावा करताना आपली पद्धत जगापुढे मांडून दोष शोधण्याचे आवाहन केले होते, आणि दोष सापडल्यावर तोही तितक्याच उघडपणे सांगितला. प्रयोगाचे नेतृत्व करणाऱ्यांनी २०१२ मध्ये पदत्याग केला. त्याच ऑपेराने पुढे, २०१५ पर्यंत, म्यूऑनचा टाउ झालेले पाच न्यूट्रिनो शोधून आपले मूळ कार्य पूर्ण केले. वृत्तपत्रांनी मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही.

जैन कुटुंबांत या विषयाची चर्चा निघाली की दोन प्रश्न हटकून पुढे येतात. पहिला अहिंसेचा. झोताने जीवांची हानी होते काय? न्यूट्रिनोने होत नाही. जो कण पृथ्वी ओलांडताना बहुधा एकाही अणूला स्पर्श करत नाही, तो जीवाला काय करणार? परंतु झोत निर्माण करणाऱ्या दालनाविषयी तसे म्हणता येत नाही. तेथील खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. २००५ च्या अखेरीस फर्मीलॅबच्या आवारातील ओढ्यात तो अत्यल्प प्रमाणात, मान्य मर्यादेच्या पुष्कळ खाली, आढळला. संस्थेने ते शेजारच्या वस्त्यांना स्वतःहून कळवले आणि दालनातील दमट हवा कोरडी करून तो घटवण्याची व्यवस्था केली.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. तत्त्वार्थसूत्रात तैजस आणि कार्मण शरीरांना अप्रतिघाती, म्हणजे कोठेही न अडणारी, म्हटले आहे. तर मग न्यूट्रिनोचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता असे का म्हणू नये? तसे म्हणण्यात शास्त्राचा गौरव नाही. ते सूत्र जीव आणि कर्म यांच्या संबंधाविषयी बोलते. त्याची कसोटी साधनेत आहे, १४,००० टनांच्या शोधयंत्रात नाही. उद्या न्यूट्रिनोविषयीची एखादी कल्पना बदलली तर सूत्रही बदलायचे काय? अनेकान्ताची दृष्टी असलेल्या वाचकाला एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा सहज उमजेल. निश्चित प्रकाराचा न्यूट्रिनो निश्चित वस्तुमानाचा नसतो आणि निश्चित वस्तुमानाचा निश्चित प्रकाराचा नसतो. कोणत्या अपेक्षेने विचारले त्यावर उत्तर अवलंबून असते. साम्य एवढ्यावरच थांबवावे.

भारताचा या कथेतील वाटाही सोन्याच्या खाणीतूनच सुरू होतो. कोलारच्या खाणीत सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम येथील सहकाऱ्यांसह शोधयंत्रे बसवली होती. एम. जी. के. मेनन आणि बी. व्ही. श्रीकांतन हे त्या गटातील प्रमुख. १९६५ मध्ये त्यांना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेतील गटालाही त्या जवळजवळ त्याच वेळी मिळाल्या, आणि तोही एका सोन्याच्या खाणीतच. हे जगातील पहिले वातावरणीय न्यूट्रिनो. सराफ्यात बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असा हा योगायोग आहे, जरी कारण साधे आहे: सोन्यासाठी माणूस जितका खोल गेला तितका दुसऱ्या कशासाठी फारसा गेला नाही.

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्यांची परंपरा पुढे नेण्यासाठी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात बोडी डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याचे ठरले. ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे शोधयंत्र, सुमारे दीड हजार कोटी रुपये खर्च आणि जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता. सर्नपासून सात हजारांहून अधिक किलोमीटरवर असल्याने, पुढे युरोपातून झोत आला तर तो घेण्यासही ही जागा अनुकूल होती. परंतु पश्चिम घाटातील बोगद्याला स्थानिकांचा विरोध झाला, प्रकरणे न्यायालयात गेली, राज्य सरकारनेही प्रतिकूल भूमिका घेतली आणि डोंगर आजही जसाच्या तसा आहे. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती निराधार होती. डोंगर पोखरण्याविषयीची, पाण्याविषयीची शंका तशी नव्हती. दोन्हींना एकाच तागडीत टाकून ‘अज्ञान’ असे नाव देणे कोणाच्याही हिताचे झाले नाही. मदुराईत ८५ टनांचे छोटे प्रतिरूप मात्र चालू स्थितीत उभे राहिले.

जावकेच्या बाजूला भारताचे काम थांबलेले नाही. फर्मीलॅबच्या झोताला अधिक बळ देण्यासाठी नवा अतिसंवाहक प्रवेगक बांधला जात आहे. त्याविषयीचा करार भारताच्या अणुऊर्जा विभागाने एप्रिल २०१८ मध्ये केला. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूर, कोलकाता व दिल्ली येथील संस्था त्यासाठी चुंबक, अतिसंवाहक पोकळ्या आणि रेडिओ-लहरींचे शक्तिवर्धक पुरवत आहेत. हा नवा झोत १,३०० किलोमीटर दूर जाईल, म्हणजे संभाजीनगरहून अमृतसर. त्याचा ग्राहक असेल होमस्टेकची तीच खाण. डेव्हिस यांची टाकी ज्या पातळीवर होती त्याच पातळीवर सुमारे आठ लाख टन खडक काढून तेथे प्रचंड दालने कोरण्यात आली आहेत; २०२४ च्या प्रारंभी ते खोदकाम संपले.

आणि संभाजीनगरच्या पूर्वेला, मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा आकार घेत आहे. तिचा विषय न्यूट्रिनो नसून गुरुत्वीय लहरी. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून लेसर किरण धावतील. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. तिलाही चोवीस तासांच्या पाळ्या, निर्वात नळ्या, विजेचा अखंड पुरवठा आणि बारीकसारीक सुटे भाग लागतील. वाळूज-चिकलठाण्यात कारखाने चालवणाऱ्या आणि मुलांना केवळ सनदी लेखापाल किंवा संगणक अभियंता करू पाहणाऱ्या घरांपासून हे ठिकाण एका दिवसात जाऊन परतण्याच्या अंतरावर आहे.